दर्शक पट्टी वाळता वाळताच रंग बदलते? आधी कागद तपासा

लाल कोबीचा अर्क हा घरगुती दर्शक, म्हणजे आम्लात एक आणि आम्लारीत (आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात) दुसरा रंग दाखवणारा पदार्थ. तो छान जांभळा उतरतो. कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळत घालाव्यात आणि तासाभराने बघावं तर सगळ्या निळसर हिरव्या. आम्लाचा किंवा आम्लारीचा एक थेंबही अजून त्यांना लागलेला नसतो. व्हिनेगरचा थेंब टाकला की डाग गुलाबी होतो, पण जरा वेळाने कडेकडून पुन्हा निळा पडू लागतो. अर्कच बिघडला असं वाटून आपण नवा कोबी चिरायला घेतो, आणि नव्या पट्ट्याही तशाच होतात.

मी दोन दिवस याच फेऱ्यात अडकलो होतो. कोबी बदलला, उकळण्याचा वेळ कमी केला, पाणी बदललं. शेवटी बरणीत उरलेल्या अर्काकडे लक्ष गेलं. तो अजून जांभळाच होता. ज्या अर्काने पट्ट्या रंगवल्या तो जसाच्या तसा आणि पट्ट्या मात्र निळ्या, म्हणजे जो काही फरक पडला तो कागदाने पाडला. मग प्रिंटरचा कोरा कागद फाडून तुकडे एका वाटीतल्या अर्कात टाकले आणि शेजारी नुसत्या अर्काची वाटी ठेवली. सकाळी कागदाची वाटी स्वच्छ निळी होती, शेजारची जांभळी.

छपाईचा आणि वहीचा पांढराशुभ्र कागद हल्ली बहुतेक वेळा क्षारीय पद्धतीने बनवतात. त्यात कॅल्शिअम कार्बोनेटची, म्हणजे खडूच्याच जातीच्या पुडीची, भर असते. तिच्यामुळे कागद पांढरा दिसतो, मागची अक्षरं पुढे दिसत नाहीत आणि कागद वर्षानुवर्षं टिकतो. पूर्वीचा राळ आणि तुरटी लावलेला कागद आम्लधर्मी असायचा, म्हणून जुनी पुस्तकं पिवळी पडून पानांचे तुकडे पडतात. ग्रंथालयांसाठी नवा कागद ही चांगलीच गोष्ट आहे. आपल्या पट्टीसाठी मात्र असा कागद म्हणजे एक सौम्य आम्लारीच. वरून व्हिनेगरचा थेंब पडला की खडू ते आम्ल हळूहळू संपवतो आणि रंग माघारी फिरतो. जुन्या, पिवळ्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर हाच अर्क लावला तर तो उलट गुलाबीकडे झुकतो. दोन्ही वेळा दर्शक खरंच सांगत असतो, फक्त आपण विचारलेल्या पदार्थाबद्दल न सांगता कागदाबद्दल सांगत असतो.

उपाय सोपा आहे. प्रयोगशाळेतला गाळण कागद किंवा कॉफी गाळायचा कागद घ्या. हे कागद जवळजवळ निव्वळ सेल्युलोजचे असतात. कापूस गुंडाळलेल्या काड्याही चालतात. कापडाचे तुकडे नकोत, कारण धुतलेल्या कापडात साबणाचा अंश उरलेला असतो. कागदाचा नवा गठ्ठा आणला की आधी वर सांगितलेली दोन वाट्यांची चाचणी करा. एक रात्र जाईल, पण पुढचे दोन दिवस वाचतील. छपाईचाच कागद व्हिनेगरमध्ये भिजवून, धुऊन वापरायचा प्रयत्नही मी केला आहे. कागदाचा लगदा होऊ लागतो, आणि धुताना जरासं आम्ल आत राहिलं तर पट्ट्या गुलाबी निघतात. त्या वाटेला जाऊ नका.

रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ साली रंगांवरचे आपले प्रयोग छापले, त्यात व्हायोलेट फुलांचं सरबत पांढऱ्या कागदावर टाकून त्यावर आम्लाचे थेंब सोडायला सांगितलं आहे. सरबत लाल होतं, आणि आम्लाऐवजी आम्लारी टाकला तर हिरवं. त्या काळी कागद चिंध्यांपासून बनत असे. आज तोच प्रयोग हाताला लागेल त्या पांढऱ्या कागदावर केला तर कागदसुद्धा प्रयोगात भाग घेतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

पट्टी वाचायची कशी

कागद बरोबर निवडला तरी पट्टी चुकीची वाचली जाऊ शकते. थेंब पट्टीवर टाकल्यावर जवळून पाहा. थेंब पसरतो तसा तो सुटा रंग स्वतःबरोबर कडेला ढकलत नेतो. मध्यभागी फिकट गोल उरतो आणि त्याभोवती गडद कडं तयार होतं. त्या कड्यात थेंबाचा परिणाम कमी आणि साचलेला जुना रंग जास्त असतो. कडं पाहून उत्तर दिलं तर लिंबाच्या रसालाही जांभळं म्हणाल. ओल्या डागाचा मधला भाग पाहायचा, आणि तोही अर्ध्या मिनिटाच्या आत. पट्टी फारच फिकट असेल तर अर्क मंद आचेवर निम्मा आटवून घ्या, पट्टी एकदा बुडवून वाळवा आणि पुन्हा बुडवा. दोनदा बुडवलेल्या पट्टीवर मधला भागही नीट दिसतो.

अर्क पहिल्यापासूनच निळा येतो

पाणी तपासा. बोअरच्या आणि नळाच्या पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असतं आणि अशा पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-आम्लारीपणाची मोजपट्टी: ७ उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी) बहुधा ७ च्या वर जातो. कोबीचा रंग तेवढ्यानेही निळा होतो. ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे बॅटरीत घालतात ते, वापरलं की अर्क जांभळा येतो. पण तेही अगदी ७ वर नसतं, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून उघड्या शुद्ध पाण्याचा सामू ५.६ च्या आसपास उतरतो. म्हणून शुद्ध पाण्यात अर्क किंचित लालसर दिसला तर त्यात बिघाड शोधत बसू नका.

पाणी चांगलं असूनही रंग निळा, राखाडी किंवा काळपट येत असेल तर भांडं बघा. लोखंडाच्या कढईत किंवा ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात कोबी किंवा जास्वंद उकळली की धातूचे आयन (विद्युतभारित कण) रंगद्रव्याशी जोडले जातात आणि जो निळेपणा येतो त्याचा सामूशी संबंध नसतो. फुलांचा निळा रंग आणि सामू यांची गल्लत मोठमोठ्यांचीही झाली आहे. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी १९१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड विल्श्टेटर यांनी दाखवलं होतं की कॉर्नफ्लॉवर नावाच्या निळ्या फुलात आणि लाल गुलाबात एकच रंगद्रव्य आहे. मग रंग वेगळे का, तर पेशीरसाचा सामू वेगळा म्हणून, असं त्यांचं मत होतं. कॉर्नफ्लॉवरचा निळा रंग लोह, मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअम यांच्याशी जोडलेल्या गुंतागुंतीच्या रचनेतून येतो, हे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये त्या रंगद्रव्याच्या स्फटिकाची रचना उलगडून दाखवलं. आपल्यासाठी त्यातून निघणारी गोष्ट एवढीच, की अर्क काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढायचा.

आणि भांडं साबणाने धुतलं असेल तर शेवटी दोनदा ऊर्ध्वपातित पाण्याने विसळा. परीक्षानळ्यांच्या तळाशी साबणाचा पातळ थर राहतो आणि एखादीच नळी बाकीच्यांपेक्षा निळी दिसते. "हीच एक वेगळी का?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

रंग बदलतच नाही

इथे आधी विचारायचं की फूल किंवा पान कोणतं घेतलं. आम्ल-आम्लारीला झटकन प्रतिसाद देणारे लाल, जांभळे आणि निळे रंग बहुधा अँथोसायनिन गटातले असतात: लाल कोबी, जास्वंद, गोकर्ण, गुलाब, जांभूळ, काळी द्राक्षं. झेंडूचा केशरी-पिवळा रंग कॅरोटिनॉइड गटातला, त्याला सामूशी फारसं देणंघेणं नाही.

खरी फसवणूक होते ती बीट आणि बोगनवेलीत. दोन्हींचा रंग अगदी जास्वंदीसारखा भडक, त्यामुळे दर्शक म्हणून ती हमखास निवडली जातात. पण त्यांतली रंगद्रव्यं बीटालेन गटातली आहेत. बीटचा रंग सामू ३ पासून ७ पर्यंत जवळपास तसाच राहतो, आणि तीव्र आम्लारीत मात्र पिवळा पडतो. व्हिनेगर, पाणी आणि खाण्याचा सोडा या तिन्ही पेल्यांत बीटचा रस सारखाच लाल दिसला तर तुमचं काही चुकलेलं नाही. राजगिऱ्याची लाल पानं आणि लाल निवडुंगफळंही याच गटातली. एका वनस्पतीत अँथोसायनिन आणि बीटालेन एकत्र आढळत नाहीत, म्हणून एकदा गट कळला की त्या झाडाची सगळी फुलं-पानं तपासत बसायला नको.

दुसरं कारण म्हणजे अर्क फार दाट असणं. काळपट जांभळ्या द्रावणात काय बदललं ते डोळ्यांना कळत नाही. पेल्यात आधी तपासायचा पदार्थ आणि पाणी घ्या, मग अर्काचे ५ ते १० थेंब ड्रॉपरने टाका. पेल्यामागे पांढरा कागद धरा. खूप जणांचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो.

जास्वंदीचा अर्क पाण्यात फिका पडला

हा अर्क मेला असं समजून फेकून देतात, आणि मला दर वेळी हळहळ वाटते. साध्या अँथोसायनिनांचं एक वैशिष्ट्य आहे. तीव्र आम्लात ती लाल असतात, पण सामू ४ ते ६ च्या दरम्यान रंगद्रव्याचा रेणू पाण्याशी जोडला जाऊन रंगहीन होतो. रंगद्रव्य द्रावणात असतं, दिसत मात्र नाही. अशा फिक्या अर्कात लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब टाका आणि थांबा. काही वेळा लगेच काही होत नाही, मग मिनिटभरात तळाकडून गुलाबी छटा चढू लागते, कारण रेणूला जोडलेलं पाणी सुटायला वेळ लागतो. लाल कोबी आणि गोकर्णीत असं होत नाही, कारण त्यांच्या रेणूला जोडलेल्या बाजूच्या साखळ्या रंगद्रव्यावर दुमडून त्याला पाण्यापासून आडोसा देतात. मधल्या सामूवर ठळक रंग हवा असेल तर कोबी किंवा गोकर्ण घ्यावी. आम्ल ओळखायचं असेल तर जास्वंद उत्तम.

खाण्याचा सोडा टाकला तरी हिरवा होत नाही

व्हायला नकोच. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू ८.३ च्या आसपास असतो आणि तिथे कोबीचा रंग निळा किंवा निळसर हिरवा असतो. पक्का हिरवा रंग हवा असेल तर धुण्याचा सोडा लागतो, त्याचा सामू ११ च्या आसपास जातो. सामूची मोजपट्टी दर अंकाला दहा पटींनी चढते, म्हणजे दोन सोड्यांमधलं हे अंतर शेकडो पटींचं आहे. खाण्याच्या सोड्याचं द्रावण चांगलं उकळून गार केलं आणि मग अर्क टाकला तर रंग हिरव्याकडे सरकलेला दिसतो, कारण उष्णतेने कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि काही भाग धुण्याचा सोडा बनतो. हा प्रयोग मला फार आवडतो. एकाच पुडीतल्या सोड्याचे दोन रंग शेजारी ठेवून पाहता येतात.

चुन्याच्या निवळीचंही असंच. ताजी निवळी १२ च्या वर असते, कोबी तिथे हिरवा आणि मग पिवळसर होतो. उघडी ठेवलेली निवळी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते, वर पातळ साय धरते आणि हळूहळू सौम्य होते. कालच्या निवळीने आज वेगळा रंग दिला तर कारण ते.

हिरवा रंग पिवळा झाला, आता आम्ल टाकूनही लाल येत नाही

लाल, निळा आणि थोडा हिरवा इथवर दोन्ही दिशांना ये-जा करता येते. तीव्र आम्लारीत रेणूचं मधलं कडंच उघडतं आणि पिवळं संयुग तयार होतं. त्या अवस्थेत जितका वेळ राहील तितकं रंगद्रव्य कायमचं तुटतं. मिनिटाभरात आम्ल टाकलं तर बराच रंग परत येतो, तासाभराने टाकलं तर मळकट द्रावण हाती लागतं. परत फिरणारा बदल दाखवायचा असेल तर खाण्याच्या सोड्यापलीकडे जाऊ नका.

रंगच नाहीसा झाला तर पदार्थात ब्लीच आहे का बघा. ब्लीचमधलं सोडिअम हायपोक्लोराइट सामूमुळे रंग बदलायच्या आधी रंगद्रव्याचं ऑक्सिडीकरण करून ते नष्ट करतं. काही धुण्याच्या पावडरींत ऑक्सिजन सोडणारं ब्लीच असतं, तिथे आधी हिरवा येतो आणि मग सावकाश फिका होत जातो. अशा पदार्थाचा सामू फुलांच्या रंगाने ठरवता येत नाही. आणि रंग परत आणण्याच्या नादात ब्लीचमध्ये आम्ल कधीही टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया यांचं मिश्रणही विषारी वायू देतं. मुलांसोबत हे प्रयोग करताना ब्लीचची बाटली टेबलावरच नको.

हळदीच्या तक्रारी

हळद पाण्यात कालवून पट्ट्या केल्या की त्या डागाळलेल्या निघतात, कारण हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चमचाभर हळद ५० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये ढवळा, गाळ बसू द्या, वरचा स्वच्छ पिवळा द्रव घ्या. पट्ट्या अंधारात वाळवा आणि अंधारातच ठेवा, करक्युमिन उजेडात उडतं.

"आम्ल टाकलं तरी पिवळीच राहते" ही तक्रार नाही, हळदीचा स्वभाव आहे. आम्लात आणि उदासीन द्रावणात ती पिवळीच असते आणि साधारण ८ च्या पुढे तांबडी होऊ लागते. म्हणून हळदीच्या पिवळ्या उत्तरावरून पदार्थ आम्ल आहे असं म्हणता येत नाही, तो आम्लारी नाही इतकंच म्हणता येतं.

"साबण लावला तरी लाल होत नाही" हेही वरचेवर ऐकू येतं. वडीचा पारंपरिक साबण आम्लारीधर्मी असतो, पण हात धुण्याचे बरेच द्रव आणि काही वड्या वेगळ्या रसायनांपासून बनतात आणि त्यांचा सामू ७ च्या आसपास किंवा खाली ठेवलेला असतो. हळद पिवळी राहिली तर ती त्या बाटलीबद्दल खरंच सांगते आहे.

एक अपवाद मात्र ओळखून ठेवा. बोरिक आम्ल हे आम्ल असूनही, हायड्रोक्लोरिक आम्लासोबत हळदीच्या पट्टीवर वाळलं की तांबूस तपकिरी डाग देतं. तो आम्लारीचा डाग नव्हे. बोरॉन करक्युमिनशी जोडला गेलेला असतो. फरक करायचा तर डागावर अमोनियाचा थेंब टाका. बोरिक आम्लाचा डाग हिरवट काळा पडतो, आम्लारीचा तांबडाच राहतो.

शेजारच्या पेल्याचा रंग आपोआप बदलतो

अमोनियाचा पेला शेजारी उघडा असेल तर त्याची वाफ पलीकडच्या पेल्यावर पोचते आणि पाण्याचा जांभळा पृष्ठभाग वरून हिरवा होत जातो. व्हिनेगरची वाफ जवळच्या ओल्या पट्टीला हळूहळू गुलाबी करते. पेले हातभर अंतरावर ठेवा, अमोनियावर झाकण ठेवा. याच कारणाने अमोनियाने हिरवी झालेली पट्टी वाळल्यावर पुन्हा जांभळी होते: अमोनिया उडून गेलेला असतो. धुण्याच्या सोड्याने हिरवी झालेली पट्टी अशी फिरत नाही. अज्ञात द्रावणात कोणता आम्लारी आहे याचा अंदाज घ्यायला हा फरक उपयोगी पडतो.

अर्क दोन दिवसांत गुलाबी झाला आणि वास येतो

तो आंबला. जंतू त्यातली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि दर्शक स्वतःच त्याची वर्दी देतो. टिकावा म्हणून त्यात व्हिनेगर घालू नका, मग तो आधीच आम्ल झालेला असेल. उकळत्या पाण्यात चिरलेला कोबी १० मिनिटं झाकून ठेवा, गाळा, गार झाल्यावर बर्फाच्या साच्यात ओता. दर वेळी एकच खडा काढून वितळवायचा. जास्त वेळ उकळत ठेवला तर रंगद्रव्य तुटतं, म्हणून सुरुवातीचा अर्क उकळू नका, फक्त पट्ट्यांसाठी लागेल तेवढाच मंद आचेवर आटवा.

आणि खडा वितळला की काहीही तपासायच्या आधी तीन पेले मांडा: एकात व्हिनेगर, एकात ऊर्ध्वपातित पाणी, एकात खाण्याचा सोडा. लाल, जांभळा, निळा असा क्रम दिसला तर अर्क चांगला आहे. मधला पेला निळा असेल तर पाणी किंवा भांडं बदला, गुलाबी असेल तर खडा फेकून दुसरा घ्या. हे तीन पेले शेवटपर्यंत टेबलावर राहू द्या, म्हणजे अज्ञात पदार्थाचा रंग आठवणीतल्या रंगाशी न ताडता समोरच्या रंगाशी ताडता येईल.